रुमालाखालचं बोलणं

मावशीच्या घरी राहायला गेले तेव्हा सुरुवातीला मला ते घर फार शिस्तीचं वाटलं. आमची वस्ती रहिमतपूरपासून थोडी आत, उसाच्या मळ्यात, आणि तिथं दिवस उजाडायचा तोच आरडाओरड्यानं. म्हशीवर ओरडणं, पोरांवर ओरडणं, पाणी पाजायला गेलेल्या चुलत्याला बांधावरून हाळी मारणं. आई तर मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईशीसुद्धा ती ओढ्यापलीकडे उभी असल्यासारखी बोलायची. वडील फौजेत होते. सुट्टीवर आले की तेही परेडच्या आवाजात चहा मागायचे. अशा घरातून उठून मी सांगलीला आले, आणि मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत मला आयुष्यात पहिल्यांदा भाकरी फुगतानाचा आवाज ऐकू आला. शहरातली माणसं हळू बोलतात, हे गावाला गेल्यावर मैत्रिणींना सांगायचं मी ठरवूनही ठेवलं. इथली दोन माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, हे लक्षात यायला मला बरेच दिवस लागले.

मला तिथं धाडण्यामागचं कारण सरळ होतं, निदान मला सांगितलेलं तरी. वस्तीजवळची शाळा सातवीला संपत होती. मावशीची एकुलती एक लेक शालन लग्न होऊन अथणीकडे गेली होती आणि घर रिकामं झालं होतं. मावशीनंच आईला निरोप धाडला की लताला इकडं पाठव, शिक्षण होईल आणि मलाही सोबत होईल. आईनं माझे दोन परकर-पोलकी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पीठ बांधून दिलं, एसटीत बसवलं आणि खिडकीतून गालावरून हात फिरवून ती माघारी वळली. मी रडले नाही. शिकायला निघालेली माणसं रडत नाहीत, अशी माझी तेव्हा समजूत होती.

पहिल्याच संध्याकाळी मावशी आतल्या खोलीत भाकऱ्या थापत होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. मधे एक फुलाफुलांचा पडदा. मावशी परातीतून मान वर न करता म्हणाली, "लते, त्यांना सांग, जेवन झालंय म्हनावं." मी उत्साहानं पडद्यापलीकडे गेले आणि म्हणाले, "काका, जेवन झालंय म्हनावं." काकांनी रेडिओ बारीक केला. "येतो म्हनावं," ते म्हणाले. मी परत आत आले आणि "येतो म्हनावं" असं मावशीला सांगितलं. तिनं मान हलवली आणि ताट वाढायला घेतलं. आल्याआल्या आपल्याला घरात काम मिळालं याचा मला इतका आनंद झाला की जेवताना मी दोन वेळा उगीचच विचारलं, अजून काय सांगायचं का म्हणून.

सांगायचं पुष्कळ होतं. उद्या नळाला पाणी येणार नाही, आंघोळ लवकर उरकून घ्या म्हनावं. सदऱ्याचं बटन तुटलंय, काढून ठेवा म्हनावं. यार्डात आज आवक लय हाय, उशीर व्हईल म्हनावं. आमटीत मीठ कमी पडलंय म्हनावं. मग घालून घ्या म्हनावं. हे शेवटचं तर आम्ही तिघंही एकाच ओळीत जेवायला बसलेलो असताना, मी मधे, माझ्या डाव्या-उजव्या हाताला ती दोघं. हळूहळू मला त्या कामाचे नियम कळले. ज्या वाक्याच्या शेवटी "म्हनावं" आलं ते पलीकडे पोचवायचं. ज्याच्या शेवटी नाही आलं ते आपल्याजवळ ठेवायचं, ते नुसतं पुटपुटणं. आवाज आपला लावायचा, राग किंवा लाड कुणाचाही लावायचा नाही. मी या कामात फार तरबेज झाले. त्याचं कौतुक मात्र कुणी केलं नाही.

खरी गोष्ट मला शेजारच्या शकिलाभाभीनं सांगितली. तिचा नवरा पत्र्याच्या पेट्या करायचा, आणि त्यांच्या दारातली ती दिवसभराची ठोकठोक हाच आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज होता. मी तिच्याकडे कोथिंबीर मागायला गेले होते. "अगं, तुला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "अबोला आहे दोघांचा. शालन गेली तवापासनं." मग तिनं मला पुढं बसवून सगळं सांगितलं. शालनला स्थळ सांगून आलं होतं. काका यार्डातल्या माणसाच्या ओळखीचं म्हणून तिथल्या तिथं बोलणी करून मोकळे झाले, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले की ठरलं. शालनला पुढं शिकायचं होतं. मावशीला लेक इतक्या लांब द्यायची नव्हती. दोघींना कुणी विचारलंच नव्हतं. "तुझी मावशी एवढंच बोलली," भाभी म्हणाली, "बोलायच्या येळंला बोलला न्हाईसा, आता नुसतं सांगताय व्हय? मग इथनं फुडं सांगतच ऱ्हावा, असं. तो दिवस आणि आजचा." मधलं एक वर्ष त्या दोघांनी भिंतीकडं बघून काढलं होतं. मग मला बोलावून घेतलं. कोथिंबीर घेऊन परत येताना मला शाळा, शिक्षण, सोबत हे सगळे शब्द एकाएकी दुसऱ्याच कुणासाठी वापरलेले वाटायला लागले. मला भिंतीच्या जागी आणलं होतं, आणि ते कळलं तेव्हा मला आईची फार आठवण आली.

आता मी मराठी शिकवण्यातून निवृत्त होऊन सांगलीला परत आले आहे. पण हात शिवशिवतात म्हणून आठवड्यातून काही दिवस मिरजेच्या एका इस्पितळात केरळातून आलेल्या नर्सना मराठी शिकवायला जाते. हुशार पोरी आहेत. परवा त्यांतल्या लिजीनं विचारलं, "टीचर, बोलणे आणि सांगणे एकच ना?" मी म्हटलं, एकच असतं तर माझं बालपण फार सोपं झालं असतं. तिला त्यातली गंमत कळली नाही, तेव्हा मी फळ्याकडे वळले. बोलणं कुणाशी तरी असतं. आईशी बोलले, पेशंटशी बोलले. त्या "शी"मध्ये दोघं समोरासमोर बसलेली असतात. सांगणं कुणाला तरी असतं, आणि सांगायला काहीतरी असावं लागतं. आईला निरोप सांगितला, पेशंटला पथ्य सांगितलं. एक देणारा, एक घेणारा आणि मधे ती वस्तू. आणि "पेशंट मला बोलला" असं डॉक्टरांना कधी सांगू नका गं, म्हटलं, आमच्यात त्याचा अर्थ तो तुम्हाला रागावला असा होतो, बिचाऱ्याची उगीच चौकशी लागेल. यावर मात्र सगळ्या हसल्या.

आणखी एक गोष्ट मी त्यांना दाखवली. "मी बोलले" म्हटलं की बोलणारी बाई आहे हे त्या क्रियापदावरूनच कळतं. पुरुष असता तर "बोललो" झालं असतं. पण "मी निरोप सांगितला" म्हटलं की क्रियापद निरोपाच्या मागं जातं. बातमी असेल तर "सांगितली", काम असेल तर "सांगितलं". सांगणारी बाई आहे की बाप्या, म्हातारी आहे की बारा-तेरा वर्षांची पोर, क्रियापदाला त्याचं काही पडलेलं नसतं. पोरींनी हे वहीत उतरवून घेतलं. मी खडू ठेवून पाणी प्यायले. त्या घरात मी दिवसाकाठी किती सांगत होते, आणि माझं असं मी काय बोलत होते, ते मला त्या वर्गात उभं राहून आठवत होतं.

एक उदाहरण देते. सहामाहीत मी मराठीत वर्गात पहिली आले. बाईंनी वर्गापुढं उभं केलं, टाळ्या झाल्या. घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. मावशी तांदूळ निवडत होती. "मावशी, मी मराठीत पहिली आले," मी म्हणाले. मावशीच्या चेहऱ्यावर कौतुक आलं, खोटं कशाला बोलू, पण तिच्या तोंडून बाहेर पडलं ते इतकंच, "व्हय? त्यांना सांग जा." मी पडद्यापलीकडे गेले. "काका, मी मराठीत पहिली आले." काकांनी चष्मा काढला. "आरं वा," ते म्हणाले. "मावशीला सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगितलं. मग मावशी पुन्हा तांदूळ निवडायला लागली, काकांनी चष्मा परत लावला. मी पडद्याशी उभी राहिले. माझी बातमी दोन्हीकडं पोचली होती आणि कुणाजवळच थांबली नव्हती. शेवटी मी शकिलाभाभीकडे गेले, तर ती घरात नव्हती. तिचा नवरा पत्रा ठोकत बसला होता, त्याला मी सांगितलं. त्यानं हातोडा थांबवून विचारलं, "कौनसे स्कूल में?" मी नाव सांगितलं आणि घरी आले.

काकांना मी घुमे समजत होते. एकदा ते डबा विसरून गेले आणि मावशीनं मला यार्डात पाठवलं, तेव्हा तो समज मोडला. हळदीचा हंगाम होता. सगळीकडं पोती, पोत्यांची तोंडं उघडी, हवेत पिवळी भुकटी, माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. काका एका अडत्याच्या दुकानात कामाला होते, सौदे करायचं काम त्यांच्याकडं. ते पोत्यांच्या मधे उभे होते आणि चक्क हसत होते. समोरच्या खरेदीदाराच्या पाठीवर थाप मारत होते. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला, आणि त्या रुमालाखाली काहीतरी सुरू झालं. दोघांचे चेहरे अगदी कोरे. रुमाल तेवढा हलत होता; आत एकमेकांची बोटं धरून भाव ठरत होता, हे मला पुढं कळलं. आजूबाजूला इतर व्यापारी टपून होते पण कुणाला काही कळत नव्हतं. एकाएकी काकांनी रुमाल उचलला आणि हमालाला खूण केली. मी डबा दिला तसे ते पुन्हा घरातले काका झाले. "मिळाला म्हनावं," ते म्हणाले.

थंडी सरता सरता माझा घसा धरला. टॉन्सिल सुजायचे, उतरायचे, पुन्हा सुजायचे. शेवटी मिरजेला नेऊन ते काढायचं ठरलं. एसटीत तिघांच्या बाकावर मी मधे. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी काका-मावशी दोघांकडं बघत बजावलं की पोरीनं आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. ती दोघं एकदमच "बरं" म्हणाली. एकमेकांच्या शेजारी उभं राहून एकाच वेळी त्यांनी काढलेला तो मी ऐकलेला पहिला शब्द. घसा आगीसारखा जळत होता तरी मला आशा वाटली. आता माझा आवाजच नाही म्हटल्यावर यांना बोलावंच लागेल, असा माझा सरळ हिशोब होता.

तो हिशोब पहिल्याच दुपारी चुकला. मी बाहेरच्या खोलीत पलंगावर गळ्याला मफलर गुंडाळून पडले होते. मावशी पडद्यात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "बर्फ संपलाय, आनायचा हाय म्हनावं." मी तिच्याकडं पाहिलं. काका माझ्या पायाशीच बसले होते. मावशी थोडा वेळ थांबली, म्हणजे नेहमी मला निरोप पोचवायला लागायचा तेवढा वेळ, आणि आत गेली. काका उठले, चपला घातल्या, बर्फ घेऊन आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "आनलाय म्हनावं." आतून भांड्याचा आवाज आला. तो सगळा दिवस असाच गेला, आणि दुसराही. माझ्या आवाजावाचून कुणाचं काही अडलं नाही. त्या दोन खोल्यांत सगळ्यांना सगळं पहिल्यापासूनच ऐकू येत होतं. त्यांना फक्त बोलताना बघायला एक तोंड हवं होतं. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आवाज न करता रडले. घशातून आवाज काढायला मनाई होती, ते एका अर्थी बरंच झालं.

काकांना ते कळलं असावं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी ते यार्डातून लवकर आले, पलंगाच्या कडेला बसले आणि खूप वेळ रुमालाची घडी घालत, मोडत राहिले. मग म्हणाले, "पोरी, हात आन इकडं." मी हात पुढं केला. त्यांनी त्याच्यावर रुमाल टाकला, हळदीनं कायमचा पिवळा झालेला, आणि खालून माझं एक बोट धरलं. "ह्ये पानी. पायजे तर माझं एक बोट धरायचं. दोन धरली तर दूध. तीन म्हंजी दुखतंय. सगळा पंजा दाबला म्हंजी ठरलं, सौदा पक्का. हात काढून घेतला म्हंजी मोडलं. कळलं?" मी मान हलवली. "मान न्हाई हलवायची. मानंचं बाजूच्याला दिसतं." मी त्यांचा पंजा दाबला. काका हसले, यार्डात हसले होते तसे. त्यांचा हात राकट होता आणि ऊबदार होता. माझं एकेक बोट ते असं धरायचे की जणू त्यावर मोठी रक्कम लागलेली आहे. मी उगीचच पाणी मागितलं, मग दूध. त्यांनी मला विचारलं, "आन चार म्हंजी काय? चार रिकामंच हाय. ते तुझं तू ठरीव." मला सांगता येत नव्हतं. थोड्या वेळानं ते उठायला लागले, तशी मी रुमालाखालून त्यांची चार बोटं घट्ट धरली. ते परत बसले. "बस म्हंजी?" त्यांनी विचारलं. मी पंजा दाबला. चार म्हणजे थोडं बसा, हे असं ठरलं. पडद्याआड मावशीच्या हातातलं काम थांबलं होतं.

आठवड्याच्या शेवटी आई आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिचा आवाज ऐकू आला आणि माझ्या अंगात जीव आला. तिनं मला उजेडाकडं तोंड करून उभं केलं, दंड चाचपला, आणि बहिणीकडं वळून म्हणाली, "माझी पोरगी वाळून काटूक झालीया. न्हेते मी तिला. शाळंचं काय व्हायचं त्ये व्हईल."  मावशी पदराशी चाळा करत माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यांना इचार, काय म्हंत्यात म्हनावं." आई ताडकन म्हणाली, "अगं ती काय पोस्टाची पेटी हाय व्हय? त्यो हितं बसलाय की तुज्या म्होरं! तूच इचार."  शेजारची ठोकठोक नेमकी तेव्हाच थांबली.

मला घरी जायचं होतं. रोज झोपताना मी हेच मागत आले होते. आईच्या पिशवीला माझा हात लागलेला होता. काका पलंगावरून उठले आणि माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, पिवळी धूळ उडाली, आणि आपला हात पुढं करून त्यावर रुमाल टाकला. आईला वाटलं हा माणूस वेडा झाला. मी पिशवी सोडून हात रुमालाखाली घातला. काकांनी माझी चार बोटं धरली. घट्ट नाही, मला सोडवून घेता येतील इतपतच. मग थांबले. माझ्याकडं बघत राहिले, आणि तोंडानं म्हणाले, "तुझं तू ठरीव." त्या घरात आल्यापासून मला कुणी काही विचारलं असेल तर ते एवढंच. मी आईकडं पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी काय ठरवणार ते तिला बहुतेक ठाऊक होतं. मी काकांचा पंजा दाबला. त्यांनी रुमाल उचलला आणि मोठ्यानं नाक शिंकरलं.

आई संध्याकाळच्या गाडीनं गेली. काका तिला स्टँडवर सोडायला गेले. मावशी देवापुढं दिवा लावून माझ्याजवळ येऊन बसली.  मग म्हणाली, "कसं असतं गं त्ये?" माझा घसा अजून बसलेलाच होता. मी तिचा पदर ओढून तिच्या हातावर टाकला आणि खालून एक बोट धरलं, पाणी. दोन, दूध. तीन, दुखतंय. चार, बस. पंजा, ठरलं. तिनं सगळं पुन्हा माझ्या हातावर करून बघितलं, भाकरी थापणारा तिचा हात काकांच्या हाताहून कडक होता. मग पदर सारखा करत ती म्हणाली, "शालनला बी असं इचारलं असतं तर..." वाक्य तिथंच राहिलं. शेवटी "म्हनावं" आलं नाही. मी ते पलीकडं पोचवलं नाही, नियमच तसा होता.

मी तिथंच राहिले, शिकले, मास्तरीण झाले. काका माझ्याशी बोलायला लागले. फार नाही, पण यार्डातल्या गमती, शाळेची चौकशी, आणि अधूनमधून चार बोटं. मावशीला ते जमलं नाही. ती मला जीव लावायची, डोक्याला तेल घालायची, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवायची, पण माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे काकांना जायचा रस्ता. त्यांचा अबोला काही सुटला नाही. मला साताऱ्याला नोकरी लागली तेव्हा आता या दोघांचं कसं होणार याची काळजी मला खरोखरच लागली होती, पण त्यांचं पुन्हा भिंतीवर आणि दारात येणाऱ्या मांजरावर भागलं. पुढं मोबाइल आले. मावशी सांगलीहून मला साताऱ्याला फोन करायची, "लते, त्यांना सांग, बीपीची गोळी घ्या म्हनावं." मी काकांच्या मोबाइलवर फोन लावायचे. काका पडद्यापलीकडे पलंगावर. "घेतली म्हनावं," ते म्हणायचे. मी पुन्हा मावशीला. तोवर तिनं ते कानांनी ऐकलेलं असायचं, फोनमधून मलाही ऐकू आलेलं असायचं, तरी मी सांगायचे. मी लग्न केलं नाही. माझ्या घरी संध्याकाळी वाजणारा फोन बहुतेक वेळा त्यांचाच असायचा, आणि तो माझ्यासाठी नसायचा. तरीही तो वाजला नाही की मला जेवण जात नसे.

काकांना झटका आला तेव्हा मी साताऱ्याहून थेट मिरजेच्या इस्पितळातच पोचले. वाचा गेली होती, डावी बाजू गेली होती. उजवा हात तेवढा चादरीवर हलत होता. शालन अथणीहून निघाली होती. थोड्या वेळानं शकिलाभाभीचा मुलगा मावशीला रिक्षानं घेऊन आला. ती खोलीच्या दारात उभी राहिली. केस पूर्ण पांढरे, पदर डोक्यावर. तिनं खाटेकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. "लते," ती म्हणाली, "त्यांना सांग, मी आलीया म्हनावं."

इतक्या वर्षांची सवय. माझं तोंड उघडलंही होतं. पण मी ते मिटलं आणि म्हणाले, "मी नाही सांगणार, मावशी. तू बोल त्यांच्याशी." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला पोहायला येत नसताना पाण्यात ढकलते आहे. मी बाजूला झाले, तिला वाट दिली. ती खाटेजवळ गेली. तोंड उघडलं, मिटलं. मग तिनं डोक्यावरचा पदर उतरवला, चादरीवर हलणाऱ्या त्या हातावर टाकला, आणि त्याखाली आपला हात घातला. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून मला फक्त पदर दिसत होता. तो हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. त्याखाली काय ठरलं आणि काय मोडलं, ते मला आजही माहीत नाही. ते बाजूच्याला कळायचं नसतं.

मी बाकावर बसून राहिले. औषधांचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास. माझ्याकडं पोचवायला काही नव्हतं. मला बरं वाटलं, आणि त्याबरोबरच इतकं एकटं वाटलं की त्या घरातल्या पडद्याशी उभी असतानाही तेवढं वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मावशी बाहेर आली. डोळे सुजले होते, पदर तिनं पुन्हा डोक्यावर घेतला होता. ती माझ्या शेजारी बसली. समोरच्या भिंतीकडं बघत तिनं विचारलं, "जेवलीस का गं?"

मी उठले. खरंच उठले, दाराकडं एक पाऊल टाकलं, कारण हे काकांना जाऊन विचारायचं असणार असंच माझ्या पायांना वाटलं. तेवढ्यात मागून, पदराआडून, मावशीनं माझी चार बोटं धरली.

मी बसले. "नाही," मी म्हटलं. "सकाळपासून काही खाल्लं नाही."